एक बादली पाणी

रीडिंग रूमच्या खिडकीशी असलेला फिशटँक एव्हाना सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. सबमिशनच्या रात्री त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसणाऱ्यांना तर तो जर्नलपेक्षा जास्त पाठ असेल. त्यातले पाच गप्पी मासे जुलैपासून आजपर्यंत धडधाकट आहेत, म्हणून हा लेख लिहायची हिंमत करतेय. कारण मागच्या वर्षी याच टँकमध्ये सहा गोल्डफिश मेले. कुठला रोग वगैरे नव्हता. तीन मेले ते आम्ही पाणी बदललं नाही म्हणून, आणि उरलेले तीन मेले ते आम्ही पाणी बदललं म्हणून.

हे ऐकून रेक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, "दोन्हीपैकी एक काहीतरी ठरव." परत टँक लावायचा असेल तर आधीचे मासे का मेले ते लिहून द्यायचं, ही त्यांची अट. तेव्हा मी दीड पान लिहून दिलं. हा लेख म्हणजे त्याच दीड पानाची वाढवलेली आवृत्ती समजा. पुढे कुणी घरी किंवा रूमवर नवा टँक लावणार असेल तर तिला आमच्यासारखं न्यूजपेपरमध्ये गुंडाळून मासे पुरायची वेळ येऊ नये.

तर आधी काय झालं ते. पास आऊट झालेल्या सीनियर्स जाताना दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा रिकामा टँक ठेवून गेल्या. ऑगस्टमध्ये तेव्हाच्या फर्स्ट इयरच्या एका मुलीने वाढदिवसाला मिळालेल्या पैशातून सहा गोल्डफिश, वाळू, एअर पंप आणि छोटा स्पंज फिल्टर पुण्याहून आणला. कात्रजचा बोगदा ओलांडून इथपर्यंत ती एसटीत माशांची पिशवी मांडीवर धरून बसली होती. दुकानदाराने तिला सांगितलं होतं, "महिनाभर पाण्याला हात लावू नका, पाणी मुरलं पाहिजे." लोणच्यासारखं. आम्ही हात लावला नाही.

पहिले चार दिवस मजा होती. येईल ती चिमूटभर खाणं टाकायची. मग पाणी ताकासारखं दिसायला लागलं आणि मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. आम्हाला वाटलं, भूक लागली. म्हणून अजून खाणं टाकलं. पंधराव्या दिवसापर्यंत तीन गेले. मग एका रविवारी मी पुढाकार घेतला. सगळं पाणी काढलं, वाळू घासून धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळला आणि टँक थेट नळाच्या पाण्याने भरला. त्या दिवशी पाण्याला टीसीएल पावडरचा वास येत होता. मीच म्हटलं होतं, "बरंच आहे, जंतू मरतील."

जंतू मेले. सकाळपर्यंत मासेही. ती मुलगी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

आता यामागचं शास्त्र बघू. मासा जेवतो म्हणजे मुख्यतः प्रथिनं खातो आणि प्रथिनांत नायट्रोजन असतो. (नायट्रोजनला मराठीत नत्र म्हणतात हे मला कॉन्व्हेंटमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. मेसच्या मावशींनी सांगितलं, भाताला युरिया टाकायचा विषय चालला होता तेव्हा.) आपलं शरीर नको असलेल्या नत्राचा युरिया बनवून लघवीवाटे बाहेर टाकतं. मासा एवढे कष्ट घेत नाही. तो बराचसा नत्र अमोनियाच्या रूपात थेट कल्ल्यांतून पाण्यात सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. बंद टँकमध्ये तो जाणार कुठे? मासा आपल्याच अमोनियात पोहत राहतो, कल्ले भाजतात, श्वास लागतो आणि तो वर येऊन तोंड उघडझाप करतो. ती भूक नव्हती.

जुन्या, स्थिरावलेल्या टँकमध्ये हा अमोनिया खाणारे जिवाणू असतात. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच. नायट्रेट मात्र बऱ्यापैकी निरुपद्रवी, झाडांना तर हवंच असतं. मातीतले हे जिवाणू १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने वेगळे करून दाखवले. शंभरेक वर्षं सगळी पुस्तकं सांगत होती की टँकमध्ये दुसरं काम नायट्रोबॅक्टर करतो. १९९८ मध्ये तपासलं तर टँकमध्ये सापडला नायट्रोस्पायरा नावाचा वेगळाच जिवाणू. आणि २०१५ मध्ये कळलं की काही नायट्रोस्पायरा दोन्ही कामं एकटेच करतात. त्यातले काही मत्स्यपालनाच्या पाण्याच्या फिल्टरमध्येच मिळाले होते. म्हणजे आपल्या सिलॅबसमधला तक्ता अजून बदलतोच आहे.

हे जिवाणू आळशी आहेत, म्हणजे सावकाश वाढतात. दूध नासवणारे जिवाणू तासाभरात दुपटी-तिपटीने वाढतात, यांना एकदा दुप्पट व्हायला साधारण दिवस लागतो. म्हणून नव्या टँकला पाच-सहा आठवडे लागतात. यालाच टँक सायकल होणं म्हणतात. दुकानदाराचं "मुरणं" ते हेच. त्याचं अर्धं बरोबर होतं: वेळ द्यावा लागतो. चुकलं कुठे, तर मुरतं ते पाणी नव्हे. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंजला, वाळूला, काचेला चिकटून थर करून राहतात. सिव्हिलच्या मुलींनी ट्रिकलिंग फिल्टर आठवावा. दगडांवरून सांडपाणी सोडतात, काम दगडांवरच्या बुळबुळीत थराचं असतं, पाणी फक्त येतं आणि जातं. आपला तीन इंची स्पंज म्हणजे तोच प्लँट, फक्त टेंडर न काढता बसवलेला.

एवढं कळलं की आमच्या दोन्ही चुका उलगडतात. पाणी बदललं तर सायकल मोडते, या भीतीने आम्ही माशांना अमोनियात ठेवलं. प्रत्यक्षात पाणी बदलून जिवाणू फारसे जातच नाहीत. अमोनिया थोडा कमी मिळाल्यामुळे त्यांची वाढ जरा मंदावते, इतकंच. आणि साफसफाईच्या नावाखाली मी नेमका स्पंज क्लोरीनच्या पाण्याने धुतला. जे ठेवायचं ते फेकलं आणि जे फेकायचं ते पंधरा दिवस जपून ठेवलं.

आता किती पाणी आणि किती वेळा, हा प्रश्न. यावर प्रत्येकाचं मत असतं. मला मत नको होतं, आकडा हवा होता.

आमच्या टँकचं माप ६० गुणिले ३० गुणिले ३० सेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी साधारण ४५ लिटर. हॉस्टेलची बादली १५ लिटरची. म्हणजे एक बादली बरोबर एक तृतीयांश पाणी. यापुढे सगळा हिशोब बादलीतच करू.

मत्स्यशेतीत एक ढोबळ सूत्र वापरतात. खाद्याचं वजन, गुणिले त्यातल्या प्रथिनांचा अंश, गुणिले ०.०९२, की आला तयार होणारा अमोनियाचा नत्र. आमच्या डबीवर ३५ टक्के प्रथिनं लिहिलं होतं. एक ग्रॅम खाण्यातून ३२ मिलिग्रॅम नत्र, तो ४५ लिटरमध्ये, म्हणजे लिटरला ०.७ मिलिग्रॅम. गोल्डफिशच्या वेळी सगळ्या मिळून दिवसाला ग्रॅमभर तरी टाकत असू. आठवड्यात झाले जवळपास ५ मिलिग्रॅम. सूत्र दोन मिनिटांचं आहे. ते आधी केलं असतं तर!

पुढचं गणित भूमितीय श्रेणीचं आहे, एम-वनमध्ये ज्याला आपण शिव्या घालतो तेच. समजा रोज 'व' इतका अमोनिया वाढतो आणि रोज पाण्याचा 'भ' इतका भाग बदलला जातो. तर काही दिवसांनी बदलण्याआधीचं प्रमाण 'व भागिले भ' याच्यापुढे जात नाही. रोज ०.१ वाढतो आणि रोज एक बादली बदलली, तर ०.१ भागिले एक तृतीयांश, म्हणजे ०.३ वर जाऊन थांबतं. बदलल्यावर ०.२. एक दिवसाआड बदललं तर दोन दिवसांची वाढ धरून ०.६. आणि मुळीच बदललं नाही तर 'भ' शून्य, शून्याने भागल्यावर काय होतं ते सांगायला नको. या सूत्रात वरचा आकडा खाण्याचा आहे आणि खालचा बादलीचा. म्हणजे बादल्या वाढवायचा कंटाळा असेल तर खाणं कमी करा. बहुतेक लोक दुसरं करत नाहीत आणि पहिल्याबद्दल तक्रार करतात.

नदीत हा प्रश्न का येत नाही, तेही यावरून दिसतं. भोरहून वरंध घाट उतरून महाडकडे गेलं की काळ नदीवर वाळण कोंड म्हणून डोह आहे. वरदायिनी देवीचे मासे म्हणून तिथे कुणी मासे धरत नाही. हातभर लांबीचे मासे झुंडीने येऊन लोकांनी टाकलेल्या कुरमुऱ्यांवर तुटून पडतात. एवढी गर्दी, एवढं खाणं, तरी मासे ठणठणीत. कारण नदी स्वतःच बादल्या ओतत असते, रात्रंदिवस.

पण आकडा एकटा पुरत नाही. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम हे विद्युतभारित रूप माशाला तुलनेने सुसह्य, मुक्त अमोनिया हे खरं विष. कुठलं किती, ते पीएच ठरवतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी फक्त ०.६ टक्के मुक्त असतो. पीएच ८ ला तो ५ टक्क्यांच्या वर जातो, ८.४ ला १२ टक्क्यांच्या. पीएच मोजपट्टीवर एकाने सरकला की विष नऊ-दहा पट.

म्हणून आमच्या भागातल्या पाण्याकडे बघावं लागतं. इथे खाली सगळा दख्खनचा बेसॉल्ट. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो आणि साबणाचा फेस होत नाही. वेल्ह्याची (कागदावर आता राजगड तालुका, पण आमच्या तोंडात वेल्हेच) माझी एक मैत्रीण तोरण्याच्या पायथ्याच्या गावातून येते. तिने झऱ्याचं पाणी बाटलीत आणलं. केमिस्ट्री लॅबच्या सरांची परवानगी काढून आम्ही दोन्ही पाण्यांचं ईडीटीएने टायट्रेशन केलं. झऱ्याच्या पाण्याला दोन-तीन मिलिलिटरमध्ये वाइन रेडचा निळा रंग झाला. बोअरच्या पाण्याला ब्युरेट संपत आली तरी लालच. फर्स्ट इयरला हा प्रयोग व्हायवापुरता केला होता. कशासाठी करतात ते आत्ता कळलं.

मला वाटलं होतं, झऱ्याचं मऊ, गोड पाणी माशांना उत्तम. तसं नाही निघालं. एक मिलिग्रॅम अमोनिया-नत्राचं नायट्रेट करताना जिवाणू सुमारे ७ मिलिग्रॅम अल्कलिनिटी खर्च करतात. झऱ्याच्या पाण्यात ती फारशी नसतेच. पीएच घसरतो आणि साडेसहाच्या खाली गेला की जिवाणू काम मंद करतात. बोअरच्या पाण्यात हा साठा भरपूर. म्हणजे केस खराब करणारं हे पाणी सायकलला मात्र सोयीचं आहे. तोटा एवढाच की पीएच जास्त, आमच्या टँकमध्ये ७.८, त्यामुळे मुक्त अमोनियाचा वाटाही जास्त. तिथे एकूण ०.५ मिलिग्रॅम असेल तर मुक्त ०.०१७ होतो. ०.०२ च्या खाली राहायचं असं आम्ही धरलं होतं, म्हणून ०.५ ही आमची लक्ष्मणरेषा.

एकदम जास्त पाणी का बदलू नये, याचंही उत्तर इथेच आहे. समजा बरेच दिवस पाणी बदललेलं नाही. खाणं कुजून आणि माशांच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड साठून टँकचा पीएच ७ वर आलाय. अमोनिया २ मिलिग्रॅम, पण मुक्त फक्त ०.०११. मासे कसेबसे तग धरून आहेत. तुम्ही दया येऊन अर्धं पाणी बोअरचं घातलं. अमोनिया निम्मा, १ मिलिग्रॅम झाला. पण पीएच ८ झाला, आणि मुक्त अमोनिया ०.०५३. पाणी स्वच्छ केलं आणि विष पाचपट झालं! शिवाय पीएचचा आणि तापमानाचा धक्का वेगळा. रोज एक बादली बदलणाऱ्याच्या टँकचं पाणी नळाच्या पाण्यापासून कधी इतकं लांब जातच नाही. टँक असा दुर्लक्षिलेला हाती आला तर पहिल्या दिवशी दोन-चार मग, दुसऱ्या दिवशी अर्धी बादली, असं चढत जावं.

यावर्षी जुलैत डेंग्यूच्या सर्व्हेसाठी आरोग्य कर्मचारी ताई आल्या होत्या. हॉस्टेलमागच्या जुन्या हौदात त्यांनी गप्पी मासे सोडले. डासांच्या अळ्या खातात म्हणून हे मासे आपल्याकडे गावोगाव वाटतात. बाटलीत थोडे उरले होते, ते मी मागून घेतले. खरं म्हणजे मासे न ठेवता, टँकमध्ये नुसता अमोनिया घालून आधी जिवाणू वाढवणं ही सर्वांत चांगली पद्धत आहे आणि तुमच्या हातात असेल तर तीच करा. आमच्या हातात मासे आधी आले. गप्पी काटक असतात आणि जड पाणी त्यांना मानवतं, हे आमचं नशीब. मी फक्त पाच नर ठेवले. नर लहान आणि रंगीत शेपटीचे असतात, लगेच ओळखू येतात. मादी ठेवली तर महिन्यात पिल्लं होतात आणि आपला 'व' कुठच्या कुठे जातो. बाकीचे हौदात परत. गुंजवणीत किंवा नीरेत सोडायचे नाहीत हं, हे बाहेरून आणलेले मासे आहेत, तिथल्या मूळच्या माशांना त्रास होतो.

भोरच्या बाजारपेठेत एका दवाखान्याच्या वेटिंगमध्ये जुना टँक आहे. तिथल्या कंपाउंडरकाकांकडे मी त्यांच्या फिल्टरचा मळका स्पंज मागितला. "धुऊन देऊ का?" म्हणाले. मी इतक्या जोरात नाही म्हटलं की रांगेतल्या आजी दचकल्या. तो स्पंज त्यांच्याच टँकच्या पाण्यात बुडवून डब्यातून आणला आणि आमच्या नव्या स्पंजला रबरबँडने बांधला. ही विरजणाची युक्ती. याने आठवडा-दीड आठवडा तरी वाचला असावा.

खाण्याच्या दहा चिमट्या लॅबच्या तराजूवर वजन करून पाहिल्या, १.४ ग्रॅम भरल्या. रोज एक चिमूट, म्हणजे ०.१४ ग्रॅम, म्हणजे 'व' बरोबर ०.१. डबी माझ्या कपाटात कुलूपबंद. रोज संध्याकाळी टेस्ट किटने अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं आणि वहीत लिहायचं. किटचा रंग ट्यूबलाइटखाली बघू नका, हिरवा आणि पिवळा सारखेच दिसतात. खिडकीशी, उजेडात बघा.

तिसऱ्या दिवसापासून अमोनिया ०.२५ दिसायला लागला आणि तिथेच राहिला. कागदावरच्या ०.३ च्या इतक्या जवळ आकडा आला तेव्हा मला जो आनंद झाला तो माझ्या सी.जी.पी.ए.ने मला कधी दिलेला नाही.

नवव्या रात्री पावसात वीज गेली. एअर पंप बंद. या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो, पाणी हललं नाही तर मासे आणि जिवाणू दोघांचेही हाल. सबमिशन होतं, सगळ्या जाग्याच होत्या. मेणबत्तीच्या उजेडात दर वीस मिनिटांनी कुणीतरी मगाने पाणी काढून वीतभर उंचीवरून परत ओतत होतं. पहाटे चारला वीज आली. संध्याकाळी अमोनिया ०.५. त्या दिवशी एक बादली सकाळी, एक संध्याकाळी. दोन दिवसांत परत ०.२५. सोळाव्या दिवशी पुन्हा ०.५ झाला, तेव्हा वीज गेलेली नव्हती. वाळूत पोळीचा तुकडा सापडला. कुणी टाकला ते मला माहीत आहे आणि ती हे वाचतेय.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी नायट्राइट दिसायला लागलं, म्हणजे पहिल्या टोळीने काम सुरू केलं. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात जाऊन हिमोग्लोबिनचा रंगच बदलतं, रक्त तपकिरी होतं आणि ऑक्सिजन वाहू शकत नाही. यावर मिठाचा उपाय आहे. मिठातलं क्लोराइड आणि नायट्राइट कल्ल्यांच्या एकाच दारातून आत शिरतात. क्लोराइडची गर्दी केली की नायट्राइटला जागा मिळत नाही. मेसमधलं खडे मीठ १० लिटरला १ ग्रॅम, म्हणजे टँकला साडेचार ग्रॅम, आधी मगात विरघळवून. मग रोज एक बादली बदलताना तिच्यासोबत दीड ग्रॅम जातं, तेवढंच नव्या बादलीत घालायचं. हे विसरलं तर मीठही भूमितीय श्रेणीनेच कमी होत जातं. एकविसाव्या दिवशी नायट्राइट १ च्या पुढे दिसलं तेव्हा चार दिवस मी रोज दोन बादल्या बदलल्या. मासे खात होते, शेपट्या उघड्या होत्या, श्वास शांत होता. किटइतकंच माशाकडे बघणंही महत्त्वाचं.

छत्तिसाव्या दिवशी दोन्ही शून्य. खात्री म्हणून दोन दिवस पाणी न बदलता, नेहमीचं खाणं देऊन परत मोजलं. शून्यच. त्या दिवशी वही मॅडमना नेऊन दाखवली. त्यांनी शेवटच्या पानावर तारखेसह सही केली, प्रॅक्टिकल जर्नलवर करतात तशी.

बादलीबद्दल थोडं सांगायचं राहिलं. कपड्यांची बादली चालत नाही, साबणाचा अंश राहतो. आम्ही एक वेगळी बादली घेतली आणि तिच्यावर लाल नेलपॉलिशने 'मासे' लिहिलं. ती आदल्या रात्री भरून टँकशेजारीच ठेवायची, म्हणजे दोन्ही पाण्यांचं तापमान सारखं होतं आणि क्लोरीन बराच उडून जातो. टीसीएलचा वास असेल तर रात्रभरावर विसंबू नका. फोटोग्राफीवाल्यांचा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, याचे १० ग्रॅम खडे पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर करा. त्यातलं १ मिलिलिटर, साधारण २० थेंब, एका बादलीला पुरतं. एक भाग क्लोरीनला सात भाग हायपो असा हिशोब आहे, थोडा जास्त पडला तर बिघडत नाही. जुनं पाणी नळीने वाळूच्या तळाशी जिथे घाण बसते तिथून ओढायचं. तोंडाने ओढू नका, अनुभव सांगतेय. नळी पाण्यात बुडवून भरून घ्या आणि एक टोक बोटाने दाबून खाली आणा. नवं पाणी मगाने, हळूहळू. काढलेलं पाणी मॅडमच्या कुंड्यांना जातं आणि त्यातल्या नायट्रेटमुळे मनीप्लँट कसा माजलाय ते तुम्ही बघितलंच असेल. स्पंजमधून बुडबुडे कमी यायला लागले तरच तो काढलेल्या टँकच्या पाण्यात दोनदा दाबायचा. नळाखाली नाही. कधीच नाही.

आता टँकला आठवड्याला एकच बादली पुरते, ती नायट्रेट कमी करायला आणि अल्कलिनिटी भरून काढायला. रविवारची बादली ती गेल्या वर्षीची वाढदिवसवाली मुलगीच बदलते. परवा तिने विचारलं, आता टँक तयार आहे तर दोन गोल्डफिश आणू का? मी तिला सूत्र करायला लावलं. गोल्डफिश वीतभर वाढतात आणि खातात बकासुरासारखे. ४५ लिटरमध्ये दोघांसाठी तिचं उत्तर रोज एक बादली, कायमची, असं आलं. ती म्हणाली, मग राहू दे.

सुट्टीत वॉचमनकाका टँकवर लक्ष ठेवणार आहेत. त्यांना सांगून ठेवलंय की बुडबुडे येताहेत ना एवढंच बघा, खायला काही घालू नका. मोठे गप्पी आठवडाभर उपाशी सहज राहतात. सुट्टी त्याहून लांबली तर मधल्या दिवसांसाठी एकेक चिमूट कागदाच्या पुड्यांत बांधून, वर तारीख घालून त्यांच्याकडे दिली आहे. डबी माझ्याच कपाटात राहील. परत आल्यावर पहिल्या रात्री कुणीतरी आठवणीने 'मासे' लिहिलेली बादली भरून ठेवा, माझी बस उशिरा पोचते.